गोठ्यांत जिरणारें धन

खेड्यांतला गोठा सकाळीं झाडला जातो तेव्हां शेण उचललें जातें. मूत्र कोणी उचलीत नाहीं. तें रात्रभर जमिनींत जिरलेलें असतें, आणि जें जिरत नाहीं तें दाराबाहेरच्या चिखलांत वाहून जातें. शहरांतला मनुष्य अशा गोठ्यांत पाऊल टाकतांच नाकाला रुमाल लावतो. डोळ्यांना झोंबणारा तो उग्र दर्प म्हणजे अमोनिया वायु, आणि अमोनियाचा जीव नत्रांत. ज्या नत्रासाठीं शेतकरी दुकानांतून युरियाची गोणी उधारीनें आणतो, तेंच नत्र त्याच्या गोठ्यांतून वाऱ्यावर उडून जात असतें. शेणांत स्फुरद अधिक, मूत्रांत नत्र व पालाश अधिक, अशी वांटणी निसर्गानेंच करून ठेविली आहे. शेण सावकाश कुजतें; मूत्रांतलें द्रव्य पाण्यांत विरघळलेलें असल्यानें पिकाच्या मुळांना तें लवकर मिळतें. एक बैल दिवसाकाठीं निदान पांच लिटर मूत्र देतो. दावणीला दोन बैल व एक गाय असलेल्या घरीं वर्षाला पांच हजार लिटरांहून अधिक धन असें जमिनींत मुरतें, आणि तेंही भलत्याच जमिनींत.

हें धन कसें धरून ठेवावें, आणि तें धरून ठेवावयास शेतकऱ्याला कसें शिकवावें, या खटपटीचा इतिहास जुना आहे. त्यांत संस्कृत पंडित आहेत, इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत, संस्थानिक आहेत, आणि वऱ्हाडांतला एक शेतकरीही आहे. कृति सांगणारे पुष्कळ झाले. ज्याच्यासाठीं ती सांगावयाची त्याच्या हाताला ती बसली कीं नाहीं, हें पाहणारे त्या मानानें थोडे.

द्रवखताची सर्वांत प्रसिद्ध जुनी कृति ‘कुणपजल’ या नांवानें ओळखली जाते. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ ग्रंथांत ती दिलेली आहे. हा ग्रंथ इ. स. १००० च्या सुमाराचा मानतात. कुणप म्हणजे प्रेत. नांवावरूनच साहित्याची कल्पना यावी. रानडुक्कर, मासे, मेंढा, बोकड इत्यादि प्राण्यांचें मांस, चरबी व मज्जा पाण्यांत शिजवावी. तें सर्व मडक्यांत ओतून त्यांत दूध, तिळाच्या पेंडीची पूड, मधांत शिजविलेले उडीद, तूप आणि कढत पाणी घालावें. आणि मडकें उबेच्या जागीं पंधरवडाभर ठेवावें. अमुक जिन्नस अमुक मापानेंच घ्यावा असें बंधन नाहीं. सडलेल्या मांसांतलें नत्र, उडदांतलें नत्र, हाडांच्या मज्जेंतलें स्फुरद, आणि या सर्वांना कुजवून सुटें करणारे सूक्ष्म जंतु, हें आजच्या रसायनशास्त्राच्या भाषेंत सहज मांडतां येतें. चौदाव्या शतकांतल्या शार्ङ्गधराच्या ‘उपवनविनोदा’ंतही हें जल येतें. तेव्हां कृति खरी होती आणि ती टिकून राहिली होती, यांत शंका नाहीं.

पण मध, तूप, दूध आणि उडीद झाडाच्या मुळाशीं ओतणारा गृहस्थ कोण असेल? ज्याच्या मुलांना उडदाचें वरण सणालाच मिळतें तो खचित नव्हे. कुणपजल हें राजाच्या उपवनाचें आणि श्रीमंताच्या आमराईचें खत होतें. सुरपालाच्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत शेवटीं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत जाऊन पडली. तिचा शोध घेऊन डॉ. य. ल. नेने यांच्या पुढाकारानें सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फौंडेशननें १९९६ सालीं नलिनी साधले यांचें इंग्रजी भाषांतर छापलें.

पोथीबाहेरच्या शेतकऱ्याजवळ त्याची स्वतःची रीत होती, आणि ती पोथींतल्या रीतीहून स्वस्त होती. दख्खनच्या पठारावर पीक निघालें कीं शेतकरी धनगराला बोलावून आणतो आणि रानांत रात्रभर मेंढरें बसवितो. धनगराला धान्य मिळतें. शेताला लेंड्या आणि मूत्र दोन्ही जागच्या जागीं मिळतात. ना मडकें, ना वाहतूक, ना गोठ्याची गळती. या एका व्यवहारांत खतशास्त्राचें अर्धें सार आलें आहे. पण तें कोणा पंडितानें लिहून ठेविलें नाहीं, म्हणून त्याला शास्त्राचा मान मिळाला नाहीं.

इंग्रजी राज्यांत खताचा प्रश्न सरकारदरबारीं गेला तो दुष्काळ आणि सारा यांच्या निमित्तानें. १८८९ च्या अखेरीस डॉ. जॉन ऑगस्टस व्हेल्कर हे इंग्लंडांतले कृषिरसायनज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानांत आले. वर्षाहून अधिक काळ हिंडून त्यांनीं तयार केलेला अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. येथला शेतकरी अडाणी आहे, त्याला नांगर कसा धरावा तेंही शिकविलें पाहिजे, अशी अनेक साहेबांची समजूत होती; व्हेल्करांनीं ती खोडून काढली. चांगला हिंदी रयत इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, कित्येक बाबतींत त्याहून सरस, असें त्यांचें मत पडलें. मग शेण जाळतो कां? तर सरपण नाहीं म्हणून. शेतकऱ्याला उपदेश करण्याऐवजीं त्याच्यासाठीं सरपणाचीं रानें राखा, असें त्यांनीं सरकारालाच सुचविलें. त्यांच्या आधीं १८८३ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना जंगलखात्यानें गांवचीं गायरानें गिळल्याचें गाऱ्हाणें मांडलें होतें. दोघांचे मार्ग निराळे. पण गोठा ओस पडला आणि शेण चुलींत गेलें, तर शेताला काय मिळणार, हा प्रश्न दोघांच्याही लिखाणाच्या मुळाशीं आहे.

यानंतरचा मोठा प्रयोग होळकरांच्या राज्यांत, इंदुरास झाला. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ सालीं बिहारांतल्या पुसा येथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रांत तितक्याच अधिकाराच्या होत्या. दोघांनीं मिळून गव्हाचे नवे वाण काढले व नांव मिळविलें. परंतु वाण एका खात्यांत, माती दुसऱ्या खात्यांत, कीड तिसऱ्या खात्यांत, असा सरकारी संशोधनाचा कारभार हॉवर्डांना पटेना. शेतकरी आणि पिकांवरील कीड यांना ते आपले गुरु म्हणत. कचेरींत बसणाऱ्यांना तें फारसें रुचलें नसावें. १९२४ सालीं इंदुरास ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. होळकर दरबारानें तिला ३०० एकर जमीन दिली, पैसा कापूस समितीनें व मध्य हिंदुस्थानांतल्या संस्थानांनीं पुरविला, आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले.

तेथें त्यांनीं जें पाहिलें त्याची सुरुवात गोठ्यापासून होते. संस्थेच्या गोठ्यांत ४० बैल होते. फरसबंदी करून मूत्र नळानें टाक्यांत साठविण्याची युरोपी तऱ्हा त्यांनीं घेतली नाहीं. गोठ्याची जमीन मातीचीच ठेविली. मूत्र मातींत मुरे. दर तीन-चार महिन्यांनीं ती भिजलेली माती खणून काढीत, बारीक करून आडोशाला ठेवीत, आणि तिच्या जागीं नवी माती पसरीत. या मातीला ‘मूत्रमाती’ म्हणावें. माती नत्राला धरून ठेवते, वाऱ्यावर जाऊं देत नाहीं. आणि मातीला पैसा पडत नाहीं. गरीब देशाला शोभेल अशी ही युक्ति होती.

मग खड्डे. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि उथळ. त्यांत पालापाचोळा, काड, तण, बैलांखालचें गवत यांचे थर. कपाशीच्या व तुरीच्या पळाट्या कठीण असतात, त्या कुजत नाहींत; म्हणून त्या संस्थेंतल्या रस्त्यांवर पसरीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखालीं त्यांचा चुरा होऊं देत. प्रत्येक थरावर एक पातळ काला शिंपडीत: पाण्यांत कालविलेलें शेण, मूत्रमाती, राख, आणि कुजूं लागलेल्या आधीच्या खड्ड्यांतून काढलेलें थोडें विरजण. विरजण हाच शब्द येथें योग्य. दह्याची कवडी जशी दुधाला लागते तसें जुन्या खड्ड्यांतलें बुरशीचें व जंतूंचें बीज नव्या खड्ड्याला लागतें. सोळा दिवसांनीं एकदां, महिन्यानें दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनीं तिसऱ्यांदा ढीग उलथावयाचा. तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत, दुर्गंधरहित खत तयार.

संस्थेंतले रसायनज्ञ यशवंत वाड यांच्यासह हॉवर्डांनीं ही रीत १९३१ सालीं पुस्तकरूपानें मांडली. गॅब्रिएल १९३० मध्येंच वारल्या होत्या. १९३१ सालीं हॉवर्डांनीं इंदूर सोडलें. पुढें जगभर ‘इंदूर पद्धति’ हें नांव गाजलें तें हॉवर्डांच्या नांवाबरोबर. मुखपृष्ठावर दुसरें नांव वाडांचें आहे, हें महाराष्ट्रांतही थोड्यांना ठाऊक असतें. चीन-जपानांतल्या शेतकऱ्यांच्या खतप्रपंचाचें वर्णन करणारें एफ. एच. किंग या अमेरिकनाचें १९११ सालचें पुस्तक हॉवर्डांनीं वाचलें होतें, आणि तें ऋण त्यांनीं मोकळेपणानें मानलें. म्हणजे इंदूरच्या खड्ड्यांत चिनी शेतकऱ्याचा अनुभव, माळव्याची माती आणि इंग्रजी प्रयोगशाळेची शिस्त एकत्र कुजलीं.

१९३५ च्या एप्रिलांत हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्तानें महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हां त्यांनीं ही संस्था जाऊन पाहिली. ‘हरिजन’ पत्रांतून या रीतीची माहितीही पुढें छापली गेली. कोंकणांत कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत आप्पासाहेब पटवर्धनांनीं माणसाच्या मलमूत्राचें सोनखत करण्याचे प्रयोग केले. तेथें खताबरोबर अस्पृश्यतेचाही प्रश्न होता, आणि तो अधिक अवघड होता.

इतकें असूनही इंदूर पद्धति आधीं जोरानें पसरली ती कोठें? आफ्रिकेंतल्या कॉफीच्या मळ्यांत, चहाच्या मळ्यांत, उसाच्या आणि इतर बड्या पिकांच्या लागवडींत. त्यांच्याजवळ मजूर होते, पाणी होतें, मुकादम होता. माळव्यांतल्या किंवा खानदेशांतल्या एका बैलजोडीच्या शेतकऱ्याला तीन वेळां ढीग उलथावयास माणूस कोठला? उन्हाळ्यांत जेथें बाईमाणूस पिण्याचें पाणी कोसावरून आणतें तेथें खड्ड्यावर शिंपावयास पाणी कोठलें? आणि पळाट्या तर त्याच्या चुलीचें सरपण. शास्त्र बरोबर होतें. घराचा हिशेब निराळा होता. व्हेल्करांनीं जें दाखविलें होतें तें पुन्हां आडवें आलें.

स्वातंत्र्यानंतर कांहीं वर्षांनीं रासायनिक खतांचे कारखाने निघाले, १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर मेक्सिकन गहू आले, आणि गोणी ही प्रगतीची खूण झाली. तिनें धान्य वाढविलें हें नाकारणें कृतघ्नपणा होईल. पण गोणींत फक्त नत्र होतें. मातींतला कुजलेला सेंद्रिय भाग वर्षानुवर्षें खर्ची पडला, तो भरून काढणारें त्या गोणींत कांहीं नव्हतें. त्याच काळांत खतविद्या जागी ठेवणारींही माणसें होतीं. यवतमाळ जिल्ह्यांतल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं भोकें ठेवून बांधलेल्या विटांच्या हौदांत थोड्या शेणावर पुष्कळ खत करण्याची रीत बसविली. लोकांनीं त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें जुळवून तिला ‘नाडेप’ म्हटलें आणि त्यांना नाडेपकाका केलें. खतावरून एखाद्याला काका म्हणावें, हा मान कृषिखात्यांत कोणाला मिळालेला नाहीं.

वऱ्हाडांतली गोष्ट येथून पुढची. अमरावती जिल्ह्यांतल्या बेलोरा गांवीं १९४९ सालीं जन्मलेले सुभाष पाळेकर नागपुरास शेतकी शिकले आणि नंतर घरच्या शेतांत शिकल्याप्रमाणें रासायनिक शेती करूं लागले. आरंभीं पीक वाढलें. १९८५ च्या सुमारास तें उतरणीला लागलें. जंगलांत कोणी युरिया टाकीत नाहीं, तरी झाडें फळतात, या साध्या प्रश्नावरून ते निघाले आणि कांहीं वर्षांच्या प्रयोगांनंतर त्यांनीं ‘जीवामृत’ सिद्ध केलें. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचें शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन किंवा दुसऱ्या डाळीचें पीठ, आणि बांधावरची मूठभर माती. सावलींत पिंप ठेवावें, गोणपाटानें झांकावें, दिवसांतून दोनदां काठीनें ढवळावें. दोन दिवसांत आंबून तें तयार होतें. एवढें एका एकराला पुरतें. काठी उजवीकडून फिरवावी कीं डावीकडून, यावर कांहीं भक्तमंडळी वाद घालतात; जंतूंना दिशा कळते असें अजून सिद्ध झालेलें नाहीं.

या कृतीशेजारीं हॉवर्डांचा काला ठेवून पाहावा. शेण आहे, मूत्र आहे, विरजणाऐवजीं बांधावरची माती आहे. राखेच्या जागीं गूळ व पीठ आलें, म्हणजे जंतूंना वाढावयास शर्करा व प्रथिन मिळालें. सुरपालाच्या मडक्यांतले मध आणि उडीद हेंच काम करीत होते. पाळेकरांची मात्र सेंद्रिय शेतीच्या इतर पद्धतींवर कठोर टीका आहे, आणि गांडूळखतही त्यांना मान्य नाहीं. घराण्यांतलें साम्य घराण्यांतल्या माणसांना सहसा दिसत नाहीं.

पाळेकरांचें खरें कर्तृत्व कृतीहून शिकविण्यांत अधिक आहे. अनेक दिवस चालणारीं शिबिरें, हजारों शेतकरी मांडवांत जमिनीवर बसलेले, मांडीवर वही, आणि समोर त्यांच्याच बोलींत बोलणारा, त्यांच्याच कपाशीच्या रानांत हात पोळलेला माणूस. ज्या विदर्भांत कर्जापायीं शेतकऱ्यांनीं जीव दिले, तेथें बी, खत, औषध यांतलें कांहींच बाजारांतून आणूं नका, हें वाक्य ऐकणाऱ्याच्या मनांत काय उठलें असेल, तें शहरांत बसून नीटसें कळावयाचें नाहीं. पुढें कर्नाटकांत रयत संघानें हीं शिबिरें भरविलीं. २०१६ सालीं पाळेकरांना पद्मश्री मिळाली.

येथें एक हिशेब मांडला पाहिजे, कारण उत्साहांत तो राहून जातो. दहा किलो शेणांत नत्र सुमारें ४० ग्रॅम, दहा लिटर गोमूत्रांत फार तर १००, दोन किलो बेसनांत ७०. एकंदर पिंपांत दोनशे ग्रॅमच्या आसपास. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणींत वीस किलोहून अधिक. म्हणजे शंभरपट अंतर. चार महिन्यांच्या पिकाला आठ वेळां जीवामृत दिलें तरी दोन किलो नत्र भरत नाहीं. तेव्हां जीवामृत हें गोणीच्या बदलीचें खत नव्हे. तें विरजण आहे. दुधच नसेल तर विरजण कशाला लावावयाचें? तें दूध म्हणजे शेतांतलें पाल्यापाचोळ्याचें आच्छादन, आणि तूर, मूग, चवळी यांसारखीं मुळांच्या गांठींत हवेंतलें नत्र धरणारीं आंतरपिकें. पाळेकरही बीजामृत व जीवामृत यांच्या जोडीला आच्छादन आणि वाफसा सांगतातच. परंतु पिंप ढवळणें सोपें, लक्षांत राहणारें आणि दोन दिवसांत फळ दाखविणारें. आच्छादनाला वर्षें लागतात, आणि कडबा तर गुरांनाच पुरत नाहीं. ज्यानें पिंपाची कृति शिकविली व बाकीचें भरभर आटोपलें, त्यानें शेतकऱ्याला अर्धेंच दिलें, आणि त्या अर्ध्याच्या भरंवशावर त्यानें एकाच हंगामांत युरिया बंद केला तर घरांत दाणा कमी येतो. हा धोका कागदावरचा नाहीं.

२०१९ च्या अर्थसंकल्पांत शून्य-खर्च शेतीचा गौरवानें उल्लेख झाला, आणि त्याच वर्षीं राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीनें तिच्याविषयीं उघड शंका घेतली. वादाचा धुरळा मोठा उडाला. शून्य हा शब्दच वादाला कारण झाला असावा. गूळ आणि बेसन फुकट मिळत नाहींत, आणि ज्याच्या दावणीला गायच नाहीं त्याचा खर्च शून्य कसा?

आंध्र प्रदेशानें या बाबतींत अधिक शहाणपणानें पावलें टाकलीं. २०१६ च्या सुमारास तेथें हें काम सरकारनें हातीं घेतलें, आणि गांवोगांवच्या स्त्रियांच्या बचतगटांकडून तें पसरविलें. शिकविण्याचा भार केवळ पदवीधरांवर टाकला नाहीं. ज्यांनीं स्वतःच्या शेतांत हें करून पाहिलें आहे अशा शेतकऱ्यांनाच शेजारच्या गांवीं पाठविलें. शेजारच्या गांवचा माणूस खोटें बोलला तर त्याचें शेत जाऊन पाहतां येतें. ही सोय अधिकाऱ्याच्या बाबतींत नसते. गाय नसलेल्यांसाठीं गांवांतच तयार काढा विकणारीं लहान दुकानें निघालीं.

२०२४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें नैसर्गिक शेतीचें राष्ट्रीय अभियान मंजूर केलें: २,४८१ कोटि रुपये, एक कोटि शेतकरी, आणि १०,००० ‘जैव-निविष्टा संसाधन केंद्रें’. असा शब्द तोंडांत बसवून घेणारा शेतकरी विरळाच. ज्यांच्या घरीं जनावर नाहीं त्यांना या केंद्रांचा उपयोग आहे. पण ज्याच्या गोठ्यांत मूत्र जमिनींत जिरतें आहे तोही उद्या केंद्रावरून डबा विकत आणूं लागला, तर गोणीच्या जागीं डबा आला एवढेंच.

डब्याला एक अडचण मात्र आहे. तयार जीवामृत आठवडाभरांत वापरावें लागतें. पुढें त्याचा गुण जातो. शेण सुकवून केलेलें घनजीवामृत कांहीं महिने टिकतें, पातळ टिकत नाहीं. लांबच्या कारखान्यांत भरून, वखारींत ठेवून, रेल्वेनें पाठवून, उधारीवर विकण्यास तें सोयीचें नाहीं. तें गोठ्याशेजारीं, सावलींत, एका पिंपांत तयार व्हावें लागतें, आणि सकाळ-संध्याकाळ कोणीतरी घरचें माणूस काठी घेऊन तेथें उभें असावें लागतें.